रवा आणि गोंदण

"ही कोण हाय?"

चिमणाबाईंचं बोट अल्बमच्या पहिल्याच पानावर टेकलं होतं. माजघरात बसलेली सगळी मंडळी हसली. म्हातारीला अधूनमधून अशी गंमत करायची सवय होती.

"आई, तुम्हीच की त्या," त्यांची सून उज्वला म्हणाली. "साई पाया पडतोय बघा ना. वरात निघायच्या आधी, इथंच, देव्हाऱ्यासमोर."

"साई वळखला मी. माझा नातू हाय तो. ही म्हातारी कोण?"

आता हसणं जरा कमी झालं. मखमलाबादच्या या घरात नवी वस्तू आली की चिमणाबाईंनी हळदकुंकू लावल्याशिवाय तिला कोणी हात लावत नसे. ट्रॅक्टर असो की मिक्सर, रीत तीच. साईच्या लग्नाचा अल्बमही म्हणूनच पाटावर मांडला होता. त्याच्या निळ्या मखमलीवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती आणि समोर झेंडूची दोन फुलं होती. लग्नाचे फोटो काढून अल्बम घेऊन आलेली हर्षाली पलीकडे सतरंजीवर बसली होती, हातात चहाचा कप तसाच धरून.

चिमणाबाईंनी फोटोवरचं बोट उचललं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं, मग हनुवटीला, मग डाव्या गालाला. "माझं गोंदण कुठं गेलं?"

हर्षालीने मान पुढे काढून पाहिलं. फोटोतल्या चिमणाबाईंचा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत होता. कपाळावरची हिरवी उभी रेघ नव्हती, हनुवटीवरचे तीन ठिपके नव्हते, गालावरचा एकुलता एक ठिपकाही नव्हता. आणि याच गुळगुळीत चेहऱ्यावर ती चार दिवस मनातल्या मनात खूश होती.

चिमणाबाईंनी अल्बम मिटला आणि तिच्याकडे सरकवला. "दुसऱ्या कोणाच्या घरची बाई आली हाय ह्याच्यात. जिची तिला देऊन टाक पोरी."

उज्वलाताई तिला मळ्यातून रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. दोन्ही बाजूंना झेंडू फुलला होता, पण हर्षालीचं लक्ष पायाखालच्या मातीतून वर येईना.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. तेवढा एक फोटो नीट करा," उज्वलाताई म्हणाल्या. "पण आई अल्बम उघडत नाहीत तोवर आमच्याकडं तो कोणी बघायचं नाही. येत्या रविवारी आमच्या नव्या सुनेच्या, वेदिकाच्या माहेरची मंडळी येतायत, अल्बम बघायलाच. त्यांच्याकडं वैशाखात लग्न आहे. तुमचं नाव मीच सांगून ठेवलंय."

उज्वलाताई बोलल्या साधं, पण हर्षालीच्या डोळ्यांसमोर लगेच एक खुर्ची आली. सिडकोतल्या स्टुडिओतली, फिरणारी, डाव्या हाताचा स्पंज फाटलेली खुर्ची. तिच्यावर बसून तिने दहा-अकरा वर्षं लोकांचे चेहरे साफ केले होते. पुटकुळ्या पुसायच्या, डोळ्यांखालची वर्तुळं पुसायची, नवरीचा रंग दोन छटा उजळायचा. फोटो काढायला जायचे दुसरे, आणि हर्षालीच्या वाट्याला यायचं ते पुसणं. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दिवाळीत तिने नोकरी सोडली, सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि स्वतःच्या नावाने कामं धरायचं ठरवलं. तेव्हा शेठ रागावले नाहीत. हसले फक्त. "खुर्ची रिकामी ठेवतो, हर्षाली. येशीलच तू परत." रागावले असते तर परवडलं असतं.

साईचं लग्न ही तिची पहिली ऑर्डर होती.

चूक झाली ती अशी. चिमणाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना झगझगीत उजेड सोसत नसे. उन्हात त्या काळा चष्मा लावत, आणि फ्लॅश उडाला की डोळे गच्च मिटत. दारच्या मांडवात हळदीला काढलेल्या यच्चयावत फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले होते. म्हणून साईनेच गळ घातली होती, "ताई, आजीचा एक तरी उघड्या डोळ्यांचा काढा." हर्षालीने फ्लॅश बंद करून माजघरात तो फोटो काढला. माजघराला एकच खिडकी, तीही पडवीत उघडणारी. उजेड कमी पडला की कॅमेरा असलेल्या उजेडालाच ताणतो, आणि ताणलं की फोटोभर रंगीबेरंगी कण उठतात. इंग्रजीत त्याला नॉइज म्हणतात. स्टुडिओत सगळे त्याला रवा म्हणायचे. चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर इतका रवा सांडला होता की शिरा करता आला असता. हर्षालीने सवयीने रवा काढायचं बटण पार शेवटपर्यंत ओढलं होतं. रवा गेला. संगणकाला काय, बारीक ठिपका दिसला की तो कचराच. त्याने रव्याबरोबर गोंदणही झाडून नेलं, आणि हर्षालीच्या सराईत डोळ्यांना ते कळलंसुद्धा नाही.

घरी येऊन तिने मूळ फोटो उघडला. रवा जसाच्या तसा ठेवावा, तर गोंदण त्यात बुडून जायचं. थोडा काढावा, तर गोंदण अर्धं जायचं. शेवटी तिने माउस हातात धरला आणि आठवून आठवून ठिपके काढले. हनुवटीवर तीन, गालावर एक, कपाळाला रेघ. बरं दिसत होतं. निदान तिने स्वतःची तशी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ती प्रिंट घेऊन गेली. चिमणाबाई पडवीत बसून फुलांच्या माळा करत होत्या. त्यांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली.

"हे तू गोंदलंस," त्या म्हणाल्या.

हर्षालीने प्रिंट परत घ्यायला हात पुढे केला.

"गोंदणारीनं सुई टोचली ती कातडीच्या आत. रंग आतून दिसतो. तू वरून टिकल्या चिकटवल्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. त्यांनी शेजारची फुलं बाजूला सारली. "बस इथं. तुला ठाऊक नाय म्हणून सांगते. माझ्या पाठची बहीण व्हती, कुसा. बाप आमचा बुधवारच्या बाजाराला आपल्या नदीवर, गंगेवर, फुलं इकायचा. तिथं गोंदणारी बसायची. आईनं दोघींना बसवलं. कुसा लय भित्री. येक ठिपका झाला आन् बोंब ठोकून पळाली. मी सगळं करून घेतलं, हललेसुदिक नाय. मंग ती लांबूनच वरडली, मला येकच, तर चिमणीच्या गालाला बी येकच पाहिजे."

"मग?"

"मंग काय. तिच्या उजव्या गालाला, माझ्या डाव्या गालाला. ती माझ्या डाव्या हाताला बसायची ना कायम. शेजारी बसलो का ठिपक्याशेजारी ठिपका." चिमणाबाईंनी सुईत दोरा ओवायचा एकदा प्रयत्न केला, नाही जमला, तसाच सोडला. "सटाण्याकडं दिली तिला. बाळंतपणात गेली. फोटो कुठला आलाय त्या काळात."

माजघराच्या भिंतीवर फोटोंची एक रांग होती. सासरे, दीर, चिमणाबाईंचे मालक. मळ्यातून सकाळी पहिली फुलं आली की बाजाराला जाण्याआधी त्यातलं एकेक त्या प्रत्येक फोटोला वाहत. हर्षालीने लग्नाच्या दिवशी ते पाहिलं होतं.

"ह्या घरात समद्यांला फूल हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "कुसाला कुठं वाहू? तिची खूण म्हणशील तर माझ्या गालावरची ही येवढीच. आन् तीच तू पुसली."

हर्षालीने प्रिंट पिशवीत घातली. एवढ्या गोष्टीपुढे माफीचा शब्द तिला फारच किरकोळ वाटला, आणि ती उठली. रस्ताभर तिला आपल्या हुशारीची लाज वाटत राहिली. पुसण्यात पहिली, आणि पुसू नये ते कोणतं हे कधी शिकलीच नव्हती. तरीही एक गोष्ट तिने बसस्टॉपवर उभं राहून पक्की केली. रविवारपर्यंत म्हातारीचा खरा चेहरा तिच्या हातात ठेवायचा. नाही जमलं, तर शेठची खुर्ची होतीच.

तिचा नवरा अमोल अंबडला कंपनीत होता. त्या दिवशी पहिली पाळी करून तो आला, चहा गाळून घेतला आणि कपावर फुंकर मारत तिच्या मागे येऊन उभा राहिला. हर्षाली लग्नाच्या त्या क्षणाचे लागोपाठचे तीन-चार फोटो आलटून पालटून बघत होती. एक, दुसरा, परत पहिला.

"काय गं, जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तसं काय लावलंयस?"

"चिडवू नकोस. आधीच डोकं उठलंय."

"बरं, नाही चिडवत." तो एक घोट प्यायला. "पण मला एक सांग, बाकीच्या सगळ्या मुंग्या पळतायत, मग ती गालावरचीच काय ठाण मांडून बसलीये?"

हर्षालीचं बोट कीबोर्डवर थांबलं. मग तिने परत फोटो बदलला. परत. आणखी एकदा. चेहऱ्यावरचे सगळे कण नाचत होते. या फोटोतला कण पुढच्या फोटोत तिथे नसायचा, दुसरीकडेच कुठेतरी उगवायचा. गालावरचा एक मात्र तिथेच होता. अंधुक, पण तिथेच.

"अमोल," ती म्हणाली, "तू जरा बस इथं. नाही, नको बसूस. दुसरा चहा कर."

रवा दर फोटोत नव्याने पडतो, नव्या जागी. गोंदण आपली जागा सोडत नाही. मग एकाच चेहऱ्याचे पुष्कळ फोटो काढून ते एकावर एक रचले आणि सगळ्यांची सरासरी काढली, तर हलणारं आपोआप एकमेकांना खोडून काढील आणि न हलणारं उरेल. आकाशातले तारे टिपणारे लोक असं काही करतात हे तिने पूर्वी ऐकलं होतं. लग्नाच्या कामात ताऱ्यांचा काय संबंध, म्हणून सोडून दिलं होतं. आता तिला बसवेना. हे तीन-चार फोटो पुरणार नव्हते, शिवाय त्यात साई वाकत होता. चिमणाबाईंना पुन्हा बसवायला हवं होतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवून भागलं असतं का, हेही तिने मनात तपासलं. पण म्हातारं माणूस श्वास घेणार, मान जराशी डुलणार आणि ठिपका फरफटणार. त्यापेक्षा झटपट पुष्कळ फोटो काढायचे आणि ठिपक्यावर ठिपका बसवून ते रचायचे. गोंदणाचा उपयोग खुंटीसारखा करायचा.

तिने उज्वलाताईंना फोन लावला. "ताई, आजींना आणखी एकदा त्रास देऊ का?"

गुरुवारी दुपारी माजघरातला ट्यूबलाइट बंद केला. खिडकीचं एक दार लोटून घेतलं, म्हणजे चिमणाबाईंच्या डोळ्यांवर थेट उजेड येणार नाही. हर्षालीने ट्रायपॉडची तिपाई उभी करून कॅमेरा घट्ट बसवला. चिमणाबाई इस्त्रीचं हिरवं नऊवारी लुगडं नेसून आल्या आणि लांबलचक लाकडी दिवाणाच्या एका टोकाला बसल्या.

"आजी, जरा मधे सरका ना."

"मधे कशाला? ती कुसाची जागा हाय."

दिवाणाचा निम्म्याहून जास्त भाग त्यांच्या डाव्या हाताला रिकामा होता. फोटोत एवढी मोकळी जागा सोडत नाहीत, स्टुडिओतला कोणीही हे सांगेल. हर्षालीने वाद घातला नाही. तिने तिपाई उचलली आणि ती जागाही फोटोत येईल अशी ठेवली.

"आता हलायचं नाही, आजी. श्वास घ्या, पण हलू नका. मी पुष्कळ काढणार आहे."

"सुया टोचत व्हती तवा हलले नाय. तुझ्या खटखटीनं काय हलते."

आणि खरंच हलल्या नाहीत. कॅमेरा खटखटत राहिला. स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. दारात चिमणाबाईंचा मुलगा भारत फुलांचा कॅरेट घेऊन आला आणि मोठ्याने म्हणाला, "आई, आडगावचा माणूस आलाय, त्याला...", तेवढ्यात उज्वलाताईंनी डोळे वटारले आणि तो कॅरेट छातीशी धरून तिथेच उभा राहिला. एक माशी येऊन चिमणाबाईंच्या मनगटावर बसली, चालली, उडाली. त्यांची नजर समोर होती. बुधवारच्या बाजारात गोंदणारीपुढे बसलेली लहान मुलगी अशीच बसली असणार, असं हर्षालीला वाटलं. 

"झालं," ती म्हणाली.

"येवढंच?" चिमणाबाई म्हणाल्या. "त्या बाईला लय येळ लागला व्हता."

घरी आल्यावर तिने पहिला फोटो घेतला. रवाच रवा. त्यावर दुसरा ठेवला, तो गालाच्या ठिपक्यापाशी जुळवला, हनुवटीच्या ठिपक्यांपाशी पडताळला. मग तिसरा. म्हातारी जेवढी श्वासाने डुलली होती तेवढंच सरकवायचं. थर वाढत गेले तसा रवा बसत गेला, गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर ते निवळतं तसा. आधी कपाळाची रेघ वर आली. मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, नथीचं ओघळलेलं भोक, मागच्या भिंतीच्या चुन्याचे पोपडे. शेवटी गालावरचा ठिपका. काळपट हिरवा, कडेला किंचित पसरलेला, कातडीच्या आतून दिसणारा. साफ करायच्या बटणाला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

हर्षालीला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून एखादा चेहरा पुसला न जाता वर आला होता.

"ही खरंच अशी दिसते?" अमोलने विचारलं.

"अश्शीच," ती म्हणाली.

लॅबवाल्याच्या मागे लागून तिने अल्बमचं पहिलं पान या नव्या फोटोचं करून घेतलं आणि त्याच फोटोची एक मोठी फ्रेमही. साई पाया पडतानाचा फोटो दुसऱ्या पानावर गेला. त्यातला रवा तिने फारसा काढला नाही. नातवाचं वाकणं पुन्हा मागून मिळणार नव्हतं, आणि खोटं करायची तिची तयारी नव्हती.

रविवारी घर भरलं होतं. वेदिकाच्या माहेरची माणसं आली होती, आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका आल्या होत्या. अल्बम परत पाटावर गेला. चिमणाबाईंनी हळद लावली, कुंकू लावलं आणि पहिलं पान उघडलं.  एक बोट फोटोवर आणि एक बोट स्वतःच्या चेहऱ्यावर, अशी त्यांची दोन्ही बोटं बरोबरीने फिरली. कपाळ, हनुवटी, गाल. गालावर आल्यावर ती थांबली.

"ही मी," चिमणाबाई म्हणाल्या.

उज्वलाताईंनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. चिमणाबाईंनी पान उलटलं आणि साईच्या फोटोवर हात फिरवला. "हितं धुरळा हाय थोडा. असू दे. धुरळ्यात बी मीच हाय." मग त्यांनी हर्षालीला हाक मारली. "ते यंत्र आण तुझं."

हर्षालीने कॅमेरा पुढे केला. चिमणाबाईंनी हळदीचं बोट बुडवलं.

"आजी, जुना आहे हो तो. सेकंडहँड."

"आमच्या घरात नवा हाय," असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, आणि उरलेलं हर्षालीच्या कपाळाला.

मग बघता बघता गर्दी पाटाभोवती दाटली. वेदिकाची आजी लताबाई डोळ्यांना चष्मा लावून वाकली आणि स्वतःचा गोंदलेला हात पुढे करत म्हणाली, "माझी तुळस येईल का गं अशी? आता फिकी पडत चालली." शेजारच्या मळ्यातल्या एकीने पदर मागे सारून कपाळ दाखवलं. या बायकांना आजवर फोटोवाल्याने विचारलं होतं ते एकच, गोंदण पुसू का. आज पहिल्यांदा त्या ते पुढे करत होत्या. माजघराचा ट्यूबलाइट पुन्हा बंद झाला, पडवीत रांग लागली, आणि वैशाखातल्या लग्नाचं काम हर्षालीलाच द्यायचं हे वेदिकाच्या माहेरच्यांनी चहाबरोबरच ठरवून टाकलं. दिवाणावर बसणाऱ्या प्रत्येकीला चिमणाबाई दम देत होत्या, "हलायचं नाय बरं का. टोचत नाय काही."

हर्षालीने मधेच पडवीत येऊन सिडकोला फोन लावला. "शेठ, ती खुर्ची आता कोणालातरी देऊन टाका," एवढंच ती म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते तिला बायकांच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही, आणि तिने परत विचारलंही नाही.

ती आत आली तेव्हा भारत हातोडी घेऊन उभा होता. फ्रेम कुठे लावायची ते चिमणाबाई त्याला दाखवत होत्या.

"आई, तिकडं गेलेल्या माणसांचे फोटो असत्यात," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला. ठोक खिळा."

त्याने उज्वलाताईंकडे पाहिलं, त्यांनी खांदे उडवले, आणि त्याने खिळा ठोकला. रांगेच्या शेवटी फ्रेम लागली. दिवाणाच्या एका टोकाला हिरव्या नऊवारीतल्या चिमणाबाई, समोर बघणारे उघडे डोळे, आणि त्यांच्या डाव्या गालाशेजारी चुन्याच्या भिंतीपुढे माणसाएवढी रिकामी जागा.

चिमणाबाईंनी टोपलीतून झेंडूचं एक फूल निवडलं. "आई, अहो, जिवंत माणसाच्या फोटोला...", उज्वलाताई म्हणू लागल्या, पण त्यांचं वाक्य तिथेच थांबलं. चिमणाबाई टाचा उंचावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते फूल फ्रेमच्या रिकाम्या बाजूला खोचलं, गालावरच्या ठिपक्याच्या अगदी शेजारी.

"घे, कुसे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हाताला लागलेलं फुलाचं पाणी पदराला पुसलं आणि रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलावलं.